'पितळी सुटे भाग, नग १४'

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पत्र मोठं आहे पण शेवटपर्यंत वाचा अशी विनंती, कारण शेवटी एका हरवलेल्या वस्तूची चौकशी केलीय आणि ती वस्तू कदाचित तुमच्याच कुठल्या तरी वाचकाच्या देवघरात असू शकेल.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात झूऑलॉजी डिपार्टमेंटला लॅब असिस्टंट होतो, ३४ वर्षं. मायक्रोस्कोप पुसणं, आरसा उजेडाकडे वळवून देणं, स्लाइड लावणं, एखाद्या मुलाने ऑब्जेक्टिव्ह (वस्तूजवळची खालची लेन्स) खाली आणता आणता स्लाइडच फोडली की काचा वेचणं, हेच केलं आयुष्यभर. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी मायक्रोस्कोप म्हटलं की मला अजून राहवत नाही.

गेल्या श्रावणात आमच्या नारायण पेठेतला एक वाडा रिडेव्हलपमेंटला गेला, त्यामुळे सगळ्यांचे माळे रिकामे व्हायला लागले. तिथल्या एका वहिनींचा फोन आला, "आजेसासऱ्यांची एक पेटी निघालीय, ते डॉक्टर होते ना, त्यांचा मायक्रोस्कोप आहे बहुतेक, पण खाली ड्रॉवरमध्ये काय काय पितळी तुकडे आहेत ते कोणालाच कळत नाहीये, भंगारवाले दादा किलोवर मागतायत, तुम्ही एकदा येऊन बघता का." मी जेवण अर्धवट टाकून गेलो.

पेटी महोगनीची, आत मळलेलं तांबडं मखमल. मायक्रोस्कोपवर लंडनच्या आर. अँड जे. बेक कंपनीचं नाव कोरलेलं, म्हणजे साधारण दीडशे वर्षांपूर्वीचा. डॉक्टरांनी तो कुणा साहेबाकडून जुनाच विकत घेतला होता असं घरात सांगतात. मायक्रोस्कोप काय आहे हे शेंबडं पोरही ओळखेल हो, प्रश्न होता तो ड्रॉवरचा. प्रत्येक तुकड्यासाठी मखमलीत त्याच्या आकाराचा खळगा, आणि घरातल्या प्रत्येकाचा प्रत्येक तुकड्याबद्दल वेगळा अंदाज.

सगळ्यात आधी हातात आली ती रुपयाच्या नाण्याएवढी एक वाटी, आतून चांदीसारखी चकचकीत, बाहेरून पितळ, आणि बुडाला मोठं गोल भोक. वहिनी म्हणाल्या निरांजन असेल. पण निरांजनाला एवढं भोक कशाला असेल, तूप राहणार कुठे. तशाच दोन वाट्या होत्या, एक जरा मोठी एक लहान, आणि शेजारी तीन बारीक काड्या, प्रत्येक काडीच्या डोक्यावर अगदी चिमुकला काळा पेला, तिन्ही वेगवेगळ्या मापाचे. वहिनींचे मिस्टर म्हणाले हे काजळाचं काहीतरी असणार.

मी वाटी उचलून ऑब्जेक्टिव्हच्या तोंडावर सरकवून बघितली तर अशी बसली की जणू त्याच्यासाठीच केलेली, आणि होतीच त्याच्यासाठी केलेली. ह्या वाटीला लिबरक्यून म्हणतात. योहान लिबरक्यून हा बर्लिनचा डॉक्टर, १७११ ते १७५६ हा त्याचा काळ, त्याने ही वाटी प्रचारात आणली म्हणून त्याचं नाव पडलं. मी नाव घेतल्याबरोबर वहिनींची बारावीतली मुलगी ओरडलीच, "काका, क्रिप्ट्स ऑफ लिबरक्यून!" तोच तो. आतड्यातल्या ज्या ग्रंथी मुलं परीक्षेसाठी पाठ करतात त्यांना ज्याचं नाव आहे तोच हा माणूस, आणि त्याच्या नावाची वाटी ह्या मुलीच्या घरात माळ्यावर इतकी वर्षं पडून होती.

आता हिचा उपयोग काय ते सांगतो, कारण मला ह्या सगळ्या पेटीत हीच जोडी सगळ्यात आवडली. आपण नेहमी बघतो त्या स्लाइडमधून उजेड आरपार जातो, कांद्याचा पापुद्रा घ्या नाहीतर रक्ताचा थेंब. पण जी वस्तू आरपार दिसत नाही, खडा, बी, किड्याचं डोकं, ती खालून उजेड टाकला तर नुसती काळी सावली दिसते. आणि वरून उजेड टाकावा तर ऑब्जेक्टिव्ह वस्तूच्या इतकं जवळ आलेलं असतं की उजेडाला शिरायला जागाच नाही. मग ह्या लोकांनी काय केलं, खालच्या आरशाचा उजेड वस्तूच्या कडेकडेने वर जाऊ दिला, वर ही चांदीची वाटी उपडी बसलेली, तिच्यावर तो आपटतो आणि उलटा खाली वस्तूच्या बरोब्बर डोक्यावर येतो. भोक कशाला तर त्यातून लेन्स बघते. आणि ते काळे पेले? ते वस्तूच्या खाली धरायचे, म्हणजे मधला सरळ येणारा उजेड अडतो आणि मागची बाजू काळीभोर होते. त्यांना डार्क वेल म्हणतात.

आम्ही लगेच करून बघितलं. स्वयंपाकघरातून खसखस आणली, एक दाणा काचेवर ठेवला, खाली मधल्या मापाचा काळा पेला, खिडकीतला उजेड. मुलीने डोळा लावला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. खसखशीच्या दाण्यावर जाळी असते, मधाच्या पोळ्यासारखी, आणि दाण्याचा आकार किडनीसारखा, तो काळ्याभोर अंधारात लख्ख उजळलेला दिसत होता. ३४ वर्षं मी लॅबमध्ये होतो पण लिबरक्यून लावून खसखस मी पण पहिल्यांदाच बघितली.

ह्यात एक गोष्ट लक्षात घ्या. नुसती वाटी जुन्या बाजारात गेली असती तर निरांजन म्हणून विकली गेली असती, नुसते काळे पेले कोणी हातात पण घेतले नसते. दोन्ही एका ड्रॉवरमध्ये होते आणि सोबत त्यांचं ऑब्जेक्टिव्ह होतं म्हणून अर्थ लागला. आणि कुठलीही वाटी कुठल्याही ऑब्जेक्टिव्हला चालत नाही बरं का, वाटीचा बाक असा काढलेला असतो की लेन्स फोकसमध्ये असताना उजेडही नेमका तिथेच गोळा व्हावा, म्हणजे ज्याची त्याला.

दुसरी वस्तू एक पितळी पट्टी, हाताच्या पंजाएवढी लांब, कडेने ओळीने भोकं, एका टोकाला गोल खिडकी आणि त्यात काच. ह्याबद्दल घरात एकमत होतं, कपाटाच्या कुलपाची प्लेट. मी बघितलं आणि मला हसूच फुटलं, आनंदाने, कारण हेच काम आम्ही लॅबमध्ये कॉर्कच्या फळीला भोक पाडून करायचो. ही बेडकाची पट्टी, फ्रॉग प्लेट. जिवंत बेडूक ओल्या फडक्यात गुंडाळायचा, दोऱ्याने ह्या भोकांमधून हलक्या हाताने बांधायचा, आणि मागच्या पायाच्या बोटांमधला पातळ पडदा त्या खिडकीवर पसरायचा. मग दिसतं ते विसरता येत नाही, बारीक बारीक नळ्यांमधून रक्तपेशी एकामागून एक रांगेत चाललेल्या. बघून झालं की बेडूक सोडून द्यायचा. माशासाठीही अशीच पट्टी यायची, तिच्यावर शेपटी काचेवर आणून मासा फितीने बांधायचे.

हार्वी ह्या इंग्लिश डॉक्टरने १६२८ मध्ये रक्ताभिसरण सांगितलं पण धमनीतलं रक्त शिरेत जातं कुठून हे त्याला डोळ्यांनी दिसलं नव्हतं, ते १६६१ मध्ये माल्पिगी ह्या इटालियन डॉक्टरने बेडकाच्या फुप्फुसात बघितलं, केशवाहिन्या. त्यानंतर रक्त वाहताना बघणं ही मायक्रोस्कोप घेणाऱ्या प्रत्येकाची हौस झाली आणि म्हणून कंपन्या पेटीतच ही पट्टी द्यायला लागल्या. आता कॉलेजात बेडूक येत नाहीत, ते योग्यच झालं, पण त्यामुळे ही पट्टी बघून ओळखणारी आमची शेवटची पिढी.

बाकीचं भराभर सांगतो. एक चपटी गोल पितळी डबी, वरखाली काच, झाकण डबीवर सरकतं. तपकिरीची डबी म्हणाल तर तपकीर ठेवायला आत जागाच नाही. ही तळ्यातल्या पाण्याची डबी, पाण्याचा थेंब घालायचा आणि झाकण हळूहळू दाबत न्यायचं, आतला किडा पळू शकणार नाही पण चिरडणारही नाही एवढंच. मी पाषाण तलावाचं पाणी आणून दाखवलं. मग एक लांब सुई, तिच्या एका टोकाला चिमटा आणि दुसऱ्या टोकाला छोटी चकती, एक बाजू काळी एक पांढरी. कानकोरणं नाही ते. स्टेजवर, म्हणजे स्लाइड ठेवायच्या मंचावर, बसवायचा चिमटा, किडा धरून वळवून वळवून बघायला, आणि चकती अशासाठी की पांढरी वस्तू काळ्यावर ठेवावी आणि काळी पांढऱ्यावर.

दोन जाड नळकांडी निघाली, आत तिरका कापून जोडलेला स्फटिक. शिट्टी समजून मुलीच्या भावाने फुंकून पण बघितलं. ही निकॉल प्रिझम्स, विल्यम निकॉलने १८२८ मध्ये कॅल्साइटच्या स्फटिकापासून बनवली, उजेडाची कंपनं एकाच दिशेची करायला, एक खाली बसवायचं एक वर. त्यादिवशी वहिनींचा उपास होता म्हणून बटाटा उकडायला काढलेलाच होता, कच्च्या बटाट्याचा काप काचेवर घासला, दोन्ही नळकांडी बसवून वरचं फिरवलं, आणि अंधारात पिठाचा प्रत्येक कण पांढरा चमकायला लागला आणि प्रत्येकावर काळी फुली. धान्याच्या पिठात दुसरं पीठ मिसळलंय का हे असंच शोधत. माझ्या मते हा प्रयोग आजही प्रत्येक शाळेत व्हायला हवा, आता तर पोलराइड फिल्मचे दोन तुकडे पुरतात.

आणि एक काचेची पट्टी, साध्या स्लाइडसारखीच, मधे राखाडी डाग. वहिनी ती धुवायलाच निघाल्या होत्या!! मी हातातून काढून घेतली, चुकलो असेन पण त्याक्षणी दुसरं सुचलं नाही. मायक्रोस्कोपखाली धरली तर तो डाग म्हणजे बारीक चौकोनांची जाळी आणि प्रत्येक चौकोनात दोन आकडे. हा माल्टवुड फाइंडर, १८५८ चा शोध, एक इंची चौरसात फोटोने उतरवलेले २५०० चौकोन. उपयोग असा की समजा तुमच्या स्लाइडवर हजारो कण आहेत आणि त्यातला एक तुम्हाला हवा तो सापडला, आता पुढच्या वर्षी तोच परत कसा शोधायचा? तो मधोमध आणा, स्टेजला हात न लावता स्लाइड काढा, तिच्या जागी ही पट्टी त्याच अडसराला टेकवून ठेवा, आणि मधोमध कुठले आकडे दिसतात ते स्लाइडच्या लेबलवर लिहा. म्हणजे पेठ आणि घर नंबर. आमच्या मुलांना आम्ही स्लाइडवर शाईचा ठिपका द्यायला सांगायचो, तो पुसला जायचा. दीडशे वर्षांपूर्वी ह्याच्यावर इतका नीट विचार झाला होता आणि मला ते रिटायर झाल्यावर हातात मिळालं.

आणखी एक गंमत करून बघितली. माझ्याकडे घरी अंबाल्याचा साधा विद्यार्थी मायक्रोस्कोप आहे, अलीकडचा. पेटीतलं एक जुनं ऑब्जेक्टिव्ह त्याच्यावर फिरवलं तर पहिल्या आट्यातच बसलं. कारण ऑब्जेक्टिव्हचा आटा लंडनच्या मायक्रोस्कोपिकल सोसायटीने १८५८ मध्ये ठरवला, ०.८ इंच व्यास आणि इंचाला ३६ आटे, आणि तोच आटा अजून चालतो. म्हणजे ह्या वस्तू मेलेल्या नाहीत. जोडल्या तर चालतात.

मग विसरल्या का गेल्या? मला वाटतं त्याचं कारण जंतू. १८७८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ अॅबेच्या गणितावरून झाइस कंपनीने ऑइल इमर्शन काढलं, म्हणजे स्लाइड आणि लेन्सच्या मधे तेलाचा थेंब, आणि त्यानंतर डॉक्टर लोकांना हवा होता चांगला कंडेन्सर (स्लाइडवर उजेड एकवटणारी लेन्स), तेलाची लेन्स आणि रंगवलेली स्लाइड. मलेरिया, टीबी, प्लेग, सगळं त्यातच. खसखस आणि बेडूक मागे पडले. आपल्या पुण्यातच बघा, ९ डिसेंबर १८८९ ला इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी इथे कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात सुरू झाली, जनावरांच्या रोगांसाठी, १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलली आणि आजची आयव्हीआरआय, म्हणजे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था, ती हीच. म्हणजे मायक्रोस्कोप पुण्याला नवीन नाही, जुन्या वाड्यांत आणि जुन्या कॉलेजांत अशा पेट्या निघणारच. वहिनींच्या आजेसासऱ्यांनी पण थुंकी आणि रक्तच तपासलं असणार आयुष्यभर, ड्रॉवर उघडायची वेळच आली नसेल.

आता ज्या गोष्टीमुळे हे पत्र लिहायला बसलो ती सांगतो. मी ज्या कॉलेजात होतो तिथेही एक असं कपाट होतं. मी रिटायर झालो त्या वर्षी लॅबचं रिनोव्हेशन निघालं, डेड स्टॉक, म्हणजे वापरात नसलेलं जुनं सामान, राइट ऑफ करायचा म्हणून यादी झाली आणि त्या रजिस्टरमध्ये मी माझ्या डोळ्यांनी वाचलेली ओळ अशी होती, 'पितळी सुटे भाग, नग १४'. बस्स. वजन करून गेले. आमचे जुने एक सर होते, त्यांनी मला त्यातल्या पाच-सहा वस्तूंची नावं सांगितली होती, मी ती कधी लिहून ठेवली नाहीत, आणि यादी करणाऱ्या मुलाला नावं माहीत असण्याचं काही कारणच नव्हतं, त्याचा दोष नाही. मी त्यावेळी बोललो पण उशिरा बोललो, टेंडर निघालं होतं. त्या चौदांमध्ये एक चांदीच्या वाटीसारखं होतं हे मला आता वहिनींच्या घरी ती वाटी हातात घेतल्यावर आठवलं आणि त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून माझी कॉलेजांच्या मंडळींना हात जोडून विनंती आहे, सायन्सचा डेड स्टॉक काढायच्या आधी एखाद्या जुन्या लॅब असिस्टंटला, जुन्या डेमॉन्स्ट्रेटरला एक दिवस बोलवा. चहा पाजा आणि कपाट उघडून द्या. आम्ही फुकट येऊ. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधू, नाव, उपयोग, कुठल्या मायक्रोस्कोपची, एवढंच. दिनकर केळकरांनी घराघरातून अडकित्ते, वज्री, दिवे गोळा केले तेव्हा अडकित्ता म्हणजे काय हे निदान सगळ्यांना ठाऊक होतं, इथे तर वस्तू समोर असूनही नाव सांगणारं माणूस राहिलं नाही तर ती पितळच.

ज्यांच्या घरी अशी पेटी निघेल त्यांना पण सांगतो, चिंच लावून घासू नका. जुन्या पितळेवर लाखेचं पातळ पॉलिश असतं, तो सोनेरी रंग त्याचा आहे, एकदा गेलं की गेलं. स्पिरिटने तर लाख विरघळतेच. वाटीच्या आतल्या चांदीला बोटसुद्धा लावू नका. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका आणि थांबा. आणि तुकडे वाटून घेऊ नका, 'तुला एक मला एक' करू नका, पेटी एकत्र ठेवा, मखमलीतले रिकामे खळगेसुद्धा महत्त्वाचे आहेत, काय हरवलंय ते त्यांच्यावरून कळतं.

तुमच्या पेपरला विनंती आहे की आठवड्यातून एकदा एवढीशी जागा द्या, एका वस्तूचा फोटो, शेजारी पट्टी ठेवून माप कळेल असा, आणि 'ही कशाची' एवढंच विचारा. मायक्रोस्कोपचंच असं नाही, छापखान्याचं असेल, घड्याळजीचं असेल, तांबट आळीतलं एखादं हत्यार असेल. उत्तरं येतील. पुण्यात अजून सत्तर-ऐंशीचे कितीतरी लोक आहेत ज्यांच्या हाताला ह्या वस्तू ठाऊक आहेत.

वहिनींनी पेटी विकली नाही, नव्या फ्लॅटमध्ये नेणार आहेत, आणि मुलीने सगळ्या चिठ्ठ्या स्वतः लिहिल्यात.

आता ती चौकशी. ड्रॉवरमध्ये काळे पेले तीन आहेत, चांदीच्या वाटीचे खळगेही तीन आहेत, पण वाट्या दोनच. हरवलेली आहे ती सगळ्यात छोटी, खळगा मोजला तर साधारण सुपारीएवढा. वाड्यातून पूर्वी बरंच सामान बाहेर गेलं, काही बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातही गेलं असं घरचे म्हणतात. तर कोणाकडे अशी आतून चकचकीत, बाहेरून पितळी आणि बुडाला गोल भोक असलेली छोटीशी वाटी असेल, देवासमोर, कुंकवासाठी, नाहीतर शोकेसमध्ये, तर कृपया तुमच्या कार्यालयात कळवावं. द्यायची नसेल तरी चालेल, एकदा ऑब्जेक्टिव्हवर बसवून खसखशीचा दाणा बघू द्या, आणि तुम्हीही बघा.

आपला,
एक निवृत्त लॅब असिस्टंट,
नारायण पेठ, पुणे